चैतरामच्या बसमधली गाणी

त्र्यंबकरावांनी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरचं कुणाचं तरी बोचकं काठीने बाजूला सारलं, धोतराचा सोगा सावरला आणि बसता बसताच तोंड वाकडं केलं. टेप आधीच सुरू होता.

"चैतराम, काय लावलंस हे सकाळी सकाळी? पत्र्याचा डबा जिन्यावरून सोडल्यासारखं!"

"गुरुजी, पब्लिकले आवडते," चैतराम गिअर टाकत म्हणाला.

"पब्लिकला काय, शेण वाढलं तरी मिटक्या मारेल. गाण्यात शब्द सहा, त्यातले चार डिस्को! आणि ती बाई गातेय की तिला उचकी लागलीय?"

मागचे चारदोन जण हसले. बालाघाट ते वारासिवनी हा तमाशा दर मंगळवारी आणि शुक्रवारी चालत असे. त्र्यंबकराव देवपुजारी बांधकाम खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले आणि बालाघाटच्या मराठी मंडळींत गाण्याचे मोठे जाणकार समजले जाणारे. वारासिवनीच्या एका राइस मिलवाल्याच्या मुलीला, पुष्पलताला, ते ख्याल शिकवायला जात. पोरीला गळा नव्हता आणि कानही नव्हता. हे तिच्या बापाला सोडून सगळ्या गावाला ठाऊक होतं, गुरुजींना तर होतंच.

आता गंमत बघा. वारासिवनीला जायला रेल्वे होती. स्टेशन त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तरी हा मनुष्य उन्हातून बसस्टँडपर्यंत पायपीट करायचा आणि तिथेही पहिली बस सोडून चैतरामच्या बसची वाट बघत उभा राहायचा. पहिल्या बसमध्ये टेप नव्हता. कुणी विचारलंच तर सांगायचं, आगगाडीत डोळ्यांत कचरा जातो, आणि पहिल्या बसचा ड्रायव्हर गाडी बेफाम हाकतो. विद्वानांना कारणांची काय ददात!

खरं काय होतं ते त्यांच्या पंपशूच्या आत चालायचं. हात मांडीवर घट्ट, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा, आणि उजव्या पायाचा अंगठा बेभान होऊन ठेका धरत असे. वैनगंगेचा पूल ओलांडला की तिसरं गाणं लागायचं, त्या उचकीवाल्या बाईचं. त्याच्या आधी टेपवर क्षणभर शांतता असे, तेवढ्यात ते शिवी तयार ठेवत. घरी तंबोरा लावून बसलं की हल्ली त्यांना जांभया येत. ह्या बसमधला आठवड्यातून दोनदाचा पाऊण तास, जातानाचा, एवढंच सुख त्यांच्या वाट्याला उरलं होतं. पण कबूल करतील तर शपथ. घरी बायकोने, आशालताबाईंनी, रेडिओवर फर्माइशी गाणी लावली की हे आतून ओरडत, "बंद करा ते!" आणि ती बिचारी वीस वर्षं मुकाट्याने बटण पिळत आली होती.

गणपतीनंतरच्या मंगळवारी ते बसमध्ये चढले तेव्हा टेप गप्प होता. चैतरामने मागे वळून हात जोडले.

"बसा गुरुजी. आजपासून तुमाले तरास नाई. सालभर तुमी बोलून राह्यले. म्या म्हटलं, एवढा मोठा मानूस आपल्या गाडीत बसते अन् आपून त्याले डिस्को आयकवतो. लाज वाटली मले."

त्याने बटण दाबलं. आधी खरखर, मग तंबोरा, मग एक खोकला. खोकला ओळखीचा होता. मग त्र्यंबकरावांचाच आवाज आला. मंडळाच्या गणपतीत ते यमन गायले होते, तो.

"मंडळात लाउडस्पीकर मेहुन्याचा होता, त्याच्या दुकानातून भरून आनला. कसा आहे?"

"छान," ते म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

बस निघाली. पूल आला, गेला. मागची माणसं एकेक करून पेंगू लागली. भाजीची टोपली मांडीवर घेऊन बसलेली शेवंताबाई तेवढी जागी होती.

"कोन रडून राह्यलं वो त्या टेपात? कोनी मेलं काय?"

"चूप बस बाई!" चैतराम खेकसला. "गुरुजी आहेत ते."

"मंग ते डिस्को काहून काढलं? टाइमपास तरी होत होता."

एरवी गुरुजींनी तिला तिथल्या तिथे सरळ केलं असतं. आज ते ऐकत होते. आवाज नाकात अडकत होता. निषाद उतरलेला. तान म्हणजे चिखलातून बैलगाडी ढकलावी तशी. लोकांनी ह्याला माना कशा डोलावल्या? दुसऱ्या कुणाचं गाणं असतं तर वारासिवनी येईपर्यंत त्यांनी त्याची सालटी काढली असती. शी! असल्या गळ्याच्या जोरावर आपण जन्मभर लोकांची बटणं बंद करत आलो.

गाव दिसू लागलं तेव्हा ख्याल संपला. चार टाळ्या वाजल्या, खरखर झाली आणि एकदम, मध्येच, ढोल, बाजा आणि ती उचकीवाली बाई उसळून बाहेर आली. बस खडबडून जागी झाली. शेवंताबाई मोठ्याने "हौ!" म्हणाली.

चैतराम पार ओशाळला.

"माफ करा गुरुजी. नवी कॅसेट नव्हती, त्याच्यावरच भरून घेतली. शेवटाले जरासं राह्यलं वाटते." त्याने बटणाकडे हात नेला.

त्र्यंबकरावांनी पुढे वाकून त्याचं मनगट धरलं.

"राहू दे."

चैतरामने आरशात पाहिलं. गुरुजींचा पाय फळीवर वाजत होता, चारचौघांत, चांगला दणदणीत. दीडएक मिनिट गेलं असेल. मग पट्टी संपली आणि बटण खटकन वर आलं.

"दुसऱ्या बाजूला आहे ना रे अजून?" त्यांनी विचारलं. वर्षभरात ते चैतरामशी असे अजिजीने कधी बोलले नव्हते.

"नाई जी," चैतराम म्हणाला. "तिकून पुरी भरली. शेवटवरी तुमीच आहा."