नेतृत्व : पन्नासपैकी चार

मुलींच्या अंगी नेतृत्व बाणवायचं असं विभागीय कार्यालयाने ठरवलं आणि पहिलं काम म्हणून नेतृत्वाचा तक्ता छापून घेतला. एकूण गुण पन्नास. आज्ञापालनाला वीस, ठरलेल्या मार्गाने वाटचालीला बारा, गणवेशाला आठ, मोठ्यांशी बोलण्याच्या रीतीला सहा. तरीही चार उरले, तेव्हा कुणीतरी तळाशी 'पुढाकार' असा एक रकाना आखला.

कॅप्टनबाईंनी तक्ता दोनदा वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. आठवडाभर त्या भूगोल शिकवत आणि शनिवारी खेळाच्या सामानाच्या खोलीत, फुटक्या ढोलाशेजारी, गाइडचं पथक चालवत. याला एकोणीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात वरून बरेच कागद आले, आणि त्यातल्या कुठल्याच कागदाने कुणाचं भलं केलं नव्हतं. या कागदाला मात्र खाली एक ओळ होती: प्रत्येक शाळेतून एक मुलगी निवडली जाईल आणि तिला दोन वर्षं वसतिगृहात राहून पुढे शिकता येईल.

त्या ओळीसाठीच बाई इस्त्रीच्या दुकानात गेल्या. दुकान मुंगीच्या आत्याचं. मुंगी म्हणजे पथकातली सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात जास्त ओझं उचलणारी मुलगी.

"गाठी मारायला शिकवलंत," आत्या इस्त्री न थांबवता म्हणाली, "आता घरातला गुंता सोडवायलाही शिकवा तिला."

"निवड झाली तर पाठवाल ना?"

"झाली तर घेऊन जा बाई, मी कुठे बांधून ठेवलीय? नाही झाली तर परीक्षा संपली की सोमवारपासून इथे." आत्याने हनुवटीने कोपरा दाखवला. तिथे दुसरं टेबल येऊन बसलं होतं आणि त्याच्यासमोर एक लाकडी खोकं ठेवलं होतं. "हात पुरावा म्हणून. माप घेऊन आणलंय."

बाईंनी खोक्याकडे पाहिलं. खोकं भक्कम होतं.

परीक्षा होती मागखुणांची. मुलींनी पुढे जाऊन दगडांचे बाण मांडायचे, परीक्षकांनी त्यावरून मागोमाग यायचं. आडव्यातिडव्या दोन काटक्या म्हणजे इकडून जाऊ नका. शेवटी खड्यांचं वर्तुळ आणि मधोमध एक खडा, म्हणजे मी घरी गेले, शोध थांबवा. हे सगळं बाईंनीच शिकवलेलं. "बाकी कुणीही खोटं बोलेल, खूण बोलत नाही," असं त्या दर वर्षी सांगत, आणि दर वर्षी एखाददुसरी मुलगी ते खरं मानून बसे.

परीक्षेला विभागीय कार्यालयातून आयुक्त मॅडम आल्या, सचिव आले आणि गेल्या वर्षीचा नकाशा आला. फाइल धरायला पथकातलीच पुतळी दिली होती. सांगितल्याशिवाय हलायची नाही, म्हणून पुतळी. नियमाप्रमाणे कॅप्टनने मागून चालायचं आणि अवाक्षर काढायचं नाही. कॅप्टन बोलली की मुलगी बाद.

शाळेमागे पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं सुरळीत झालं. टाकीचा पाइप तीन महिन्यांपासून गळत होता. पलीकडच्या मैदानाला वरून वाळलेली साय आणि खाली गाळ, असं रूप आलं होतं. तिथे मुंगीने ठळक फुली मांडली होती आणि बाण भिंतीच्या कडेने वळवला होता.

"नकाशात सरळ आहे," आयुक्त मॅडम म्हणाल्या.

"सरळच आहे," सचिव म्हणाले.

बाईंनी फुलीकडे पाहिलं, मॅडमच्या सँडलकडे पाहिलं, आणि ओठ घट्ट मिटले. मॅडम फुली ओलांडून गेल्या. चौथ्या पावलाला गुडघ्यापर्यंत.

भिंतीच्या टोकाकडून तीन तुटक शिट्ट्या आल्या, पाठोपाठ मुंगी आली आणि तिच्यामागे बाकीच्या मुली. "मॅडम, जागच्या जागी! पाय झाडू नका!" सचिव पुढे धावले तशी ती ओरडली, "सर, तुम्ही नका, तुम्ही जड आहात!"

मग तिने मुलींचे स्कार्फ उतरवले, एकमेकांना बांधले, एक टोक मॅडमच्या कमरेला घालायला लावलं आणि पाच जणींना भिंतीला पाय टेकवून ओढायला बसवलं. एकही गाठ सुटली नाही. दहा मिनिटांत मॅडम बाहेर आल्या. एक सँडल आत राहिली.

एवढ्या वेळात पुतळी फाइल छातीशी धरून सावधानमध्ये उभी होती.

मुख्याध्यापकांच्या खोलीत पाय धुऊन, शिपाईमामांच्या चपला घालून मॅडम तक्त्यासमोर बसल्या. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी आधी पाणी मागितलं आणि मग म्हणाल्या, "मुलगी चुणचुणीत आहे हो. पण तक्त्यात बसवायची कुठे? ठरलेला मार्ग तिने बदलला, शून्य. स्कार्फ गळ्यात नाही आणि चिखलाने भरलेला, शून्य. मला जागच्या जागी थांबायचा हुकूम सोडला, म्हणजे आज्ञापालन..."

"आणि मला जड म्हणाली," सचिव म्हणाले. "बोलण्याची रीत."

"जड आहातच की," कॅप्टनबाई म्हणाल्या. परीक्षा संपली होती, आता बोलायला हरकत नव्हती. "मॅडम, तिने नसतं केलं तर तुम्ही अजून तिथेच असता."

"म्हणून तर पुढाकाराला चारपैकी चार दिलेत!" मॅडम जरा दुखावल्याच. "आजवर कुठल्याच शाळेत मी कुणाला पूर्ण दिले नव्हते."

पुतळीला शेहेचाळीस होते. निवड पुतळीची झाली. खाली 'गुण मान्य' असं छापलं होतं आणि पुढे कॅप्टनच्या सहीची जागा.

"सही नाही केली तर?"

"तर शाळेचे सगळेच तक्ते बाद," सचिव म्हणाले. "मग तीही जाणार नाही."

पुतळीलाही घर होतं, आणि तिच्या घरात खोकं आणायलाही कुणाला वेळ नव्हता. बाईंनी सही केली. एकोणीस वर्षांच्या सवयीने अक्षर सुरेख आलं.

मुंगी बाहेर स्कार्फ पिळत होती. तिने चेहऱ्यावरूनच ओळखलं.

"फुली चुकीची मांडली होती का मी?"

"नाही गं."

"मग?"

"नकाशा गेल्या वर्षीचा होता."

"बदलतील का आता?"

"पुढच्या वर्षी." हे म्हणताना बाईंना स्वतःचीच लाज वाटली.

मुंगीने मान डोलावली. स्कार्फ झटकून, नीट चौघडी घालून तिने बाईंच्या हातात दिला. घडीची कड अशी धारदार होती, की बाईंना ते टेबल आठवलं.

परीक्षा झाल्यानंतरच्या शनिवारी बाई खोलीपाशी आल्या, तर उंबऱ्यासमोर खड्यांचं वर्तुळ होतं. बारा खडे, एकसारख्या अंतरावर, आणि मधोमध एक.

पुतळी आधीच येऊन उभी होती. "बाई, हे वाटेतच केलंय कुणीतरी. काढून टाकू?"

बाई वर्तुळाकडे पाहत राहिल्या. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

मग पुतळी टाचा जुळवून तशीच उभी राहिली.