खालचं गाव

हर्णै बंदरातल्या मचव्याचा तांडेल घाट चढून कृष्णाकाठी मनुबाईच्या दारात आला. नारळी पौर्णिमेआधीच मालकानं मासेमारीला मचवा लोटायला लावला, वादळात तो उलटला आणि तिचा लेक जोतीराम बुडाला, एवढं त्यानं कसंबसं सांगितलं.

मनुबाई रडली नाही. आत गेली आणि घडीचं लुगडं घेऊन बाहेर आली. कृष्णेनं कुणाला नेलं की खालच्या गावानं त्याला काठावर काढावं, अंगावर पांघरूण घालावं आणि वर सांगावा धाडावा, ही इथली रीत. वरून वाहून आलेल्या किती परक्या पोरांवर तिनं आपली लुगडी घातली होती!

"चल, दाव मला खालचं गाव," ती कडाडली. "त्यास्नी सांगावा धाडाय काय झालं हुतं? माझं लेकरू उघडं ठेवलंय व्हय?"

तांडेलाची मान वर होईना. "आये, दर्याला खालचं गाव नसतं गो."

"आसं कसं? पाणी कुठंतरी जातंच की रं!"



मग मनुबाईनं ते लुगडं जोतीरामच्या रिकाम्या वाकळेवर पसरलं आणि पायथ्याकडनं नीट खोचलं. त्याला झोपेत पांघरूण लाथाडायची खोड होती.