आकडे नसलेला फोन

मित्रांनो, मालकांच्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरले, मोडले आणि पुन्हा त्याच मुलाशी ठरले, त्या वर्षी मी या कचेरीत आले. मी एक जुनी फोन यंत्रणा आहे. दिसायला साधा करडा कॉम्प्युटर, जिन्याखालच्या खोलीत फळीवर ठेवलेला. पण कचेरीत येणारा प्रत्येक फोन आधी माझ्याकडे येतो आणि मग मी तो ज्याचा त्याला देते.

ही कचेरी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांची आहे. शहरातल्या दीडशे इमारतींच्या लिफ्ट आमच्याकडे आहेत.

मला कोणा एका कारखान्याने बनवले नाही. एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी आपापल्या घरी बसून मला ओळीओळीने लिहिले. कोणीही उघडून वाचावे, चूक दिसली तर सुधारावी, म्हणून खुले ठेवले. याला मुक्त स्रोत म्हणतात. नवरदेवांनी, म्हणजे मालकांच्या मेहुण्यांनी, मला या कॉम्प्युटरमध्ये बसवले. सगळी कचेरी त्यांना मेहुणेच म्हणे. त्यांचे खरे नाव मलाही ठाऊक नाही.

माझ्याआधी हे काम एक ऑपरेटरबाई करत. फोन उचलला की त्या म्हणत, "थांबा हं, जोडते." म्हणून त्यांचे नाव जोडतेबाई पडले. मेहुण्यांनी त्यांच्यापुढे एक कागद ठेवला आणि त्यांच्याच आवाजात तो माझ्यात भरून घेतला : "नमस्कार. लिफ्टमध्ये अडकला असाल, तर एक दाबा. दुरुस्तीसाठी दोन दाबा. इतर कामासाठी तीन दाबा."

कचेरीतल्या सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवरून मला फोन लावून पाहिला. मी एकदाही चुकले नाही. मालक खूश झाले. म्हणाले, "बाई, आता तुम्ही आराम करा." शनिवार त्यांचा शेवटचा दिवस ठरला.

"माझ्याच आवाजानं माझ्या पोटावर पाय दिला की हो," बाई म्हणाल्या. सगळे हसले. त्याही हसल्या. घरी त्यांच्यावर अवलंबून असलेली आंधळी बहीण होती, हे कोणी त्या वेळी बोलले नाही.

शनिवारी दुपारी बाई टेबलाचा खण रिकामा करत होत्या. मेहुणे टेबलावरच्या माझ्या पडद्यासमोर उभे राहून त्यांना समजावत होते. "बघा बाई, सगळं आपोआप. ही दुरुस्तीची लाइन, ही हिशेबनिसांची..."

"आणि ही?" बाईंनी बोट ठेवले. "अकरा मिनिटं झाली हिला."

"असेल कोणी. ऐकत बसला असेल."

"मेन्यू ऐकत कोण बसतं, मेहुणे? भजन आहे का ते?"

त्यांनी रिसीव्हर उचलला आणि त्या लाइनवर गेल्या. आधी त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. त्याच्याखाली एक म्हातारा आवाज होता.

"एक! अहो एक! किती वेळा सांगू? जोडतेबाई, तुम्हीच ना? ओळखला मी आवाज. जोडा की! इथं एक कुठाय दाबायला?"

आणि बाईंचा आवाज त्याला सांगत होता, "एक दाबा."

मित्रांनो, लिफ्टच्या आतल्या फोनला आकडे नसतात. एक लाल बटण असते. ते दाबले की थेट कचेरीत फोन लागतो, बस. ही गोष्ट या कचेरीत सगळ्यांना माहीत होती, कारण ती लाल बटणे त्यांनीच बसवली होती. तरीही कोणाला आठवले नाही. मी ते "एक! एक!" सगळे ऐकले, पण मला बोललेले कळत नसे, दाबलेलेच कळे. मी तेच वाक्य बेचाळीस वेळा म्हटले.

"काका, मी खरीच बोलतेय आता," बाई म्हणाल्या. "फोन ठेवू नका. कुठली इमारत?"

काका शिंपी होते, मधुमेह असलेले. साखर उतरली की तोंडात टाकायची खिशातली साखरेची पुडी संपली होती. बाई एका हाताने दुरुस्तीवाल्यांच्या मुकादमांना खुणावत राहिल्या आणि तोंडाने काकांशी बोलत राहिल्या : कोणाचा कोट, किती बटणे, अस्तर कुठले. दुरुस्तीचे लोक अठरा मिनिटांत पोचले. काका घामाने निथळत, पण स्वतःच्या पायांनी बाहेर आले.

मेहुण्यांचा चेहरा उतरला होता. "चूक माझी," ते म्हणाले.

"तो कागद वाचला तर मीच ना," बाई म्हणाल्या. "आता हे सुधारायला कंपनीचा माणूस कधी येईल?"

"कंपनी कसली? हिला कुलूपच नाही." त्यांनी तिथल्या तिथे मला उघडले. चार सेकंदांत कोणी काही दाबले नाही, तर फोन सरळ माणसाकडे जावा, असे लिहिले. वर एक टीप घातली : "काही न दाबणारा माणूस अडकला आहे असे समजावे." तेवढी ओळ त्यांनी मला लिहिणाऱ्या त्या दूरच्या लोकांनाही पाठवली.

"माणसाकडे म्हणजे कोणाकडे?" मालकांनी विचारले.

बाईंनी खणातल्या वस्तू परत ठेवायला सुरुवात केली होती.

त्या पुढे नऊ वर्षे त्या खुर्चीत बसल्या. धूळ लागू नये म्हणून शिंपीकाकांनी कोटाच्या कापडाची एक खोळ मला शिवून आणली. आता तिचे टाके उसवले आहेत. माझा पंखा घरघरतो. महिनोन्‌महिने माझ्या खोलीचे दार उघडत नाही. तुमच्याकडे असे एखादे यंत्र असेल, तर त्याची धूळ झटका. आणि त्याला काम सांगाल, तेव्हा पलीकडच्या माणसाच्या हातात काय आहे, ते आधी पाहा. तेवढेच मागणे आहे.

बाईंच्या खुर्चीत आता मुकादम बसतात, झुबकेदार मिशांचे. कोणी काही दाबले नाही की त्यांचा फोन वाजतो आणि ते म्हणतात, "थांबा हं, जोडते."

"मुकादम, जोडतो म्हणा!" सगळे हसतात.

"तसंच म्हणायचं असतं ते," मुकादम म्हणतात.

मेहुण्यांची थोरली मुलगी शाळेतून बाहेर पडली, त्या वर्षी अकरा डिसेंबरला सकाळी जोडतेबाई आपल्या घरी वारल्या.