फाटकात आडवी झालेली पोरं

हट्टा गावचा माणिक शहरातल्या कॉलेजात शिकायला गेला, त्याच साली विलायतेत लढाई पेटली. दीडेक वर्षानं कॉलेजच्या मैदानावर फौजेची भरती होणार असल्याचा कागद लागला आणि पोरं बिथरली. लढाई कुणाची अन् मरायचं कुणी, असं वसतिगृहात रोज बोललं जाऊ लागलं. प्राचार्यांना अर्ज दिला, तो त्यांनी न वाचताच परत केला. म्हणून भरतीच्या दिवशी सकाळीच चाळीसेक पोरं फाटकात आडवी झाली. माणिक पहिल्या रांगेत होता.

पोलीस आले, पण त्यांनी काठ्या उगारल्या नाहीत. भरतीला आलेल्या माणसांनाच त्यांनी पुढं घातलं. ती खेड्यापाड्यांतली माणसं जरा घुटमळली आणि मग एकेका पोराला ओलांडून आत जाऊ लागली. माणिकला नुसते अनवाणी पाय दिसत होते. त्यातला एक त्याच्या दंडाला लागला. ज्याचा लागला तो थांबला, वाकला, माणिकच्या दंडाला हात लावून तो हात त्यानं आपल्या कपाळाला टेकवला. तो सटवाजी होता, हट्ट्याच्या सखुबाईचा एकुलता एक. लहानपणी माणिक त्याच्यामागं मेंढरांत हिंडलेला.

"सटवा, जाऊ नको," माणिक पडल्या पडल्याच म्हणाला. "ही लढाई आपली न्हाई."

"मेंढरं रोगानं गेली, माणिक. एक बी राहिलं न्हाई. घरी बसून मी काय करू, ते सांग."

मागच्यानं ढकललं आणि सटवाजी आत गेला.

माफीनाम्यावर सही केली नाही म्हणून माणिकचं नाव कॉलेजातून कमी झालं. गावी आल्यावर तो आधी सखुबाईकडं गेला आणि घडलं ते सगळं त्यानं सांगितलं. ती रागावली नाही. तू शिकलेला, साहेबाला सांगून त्याला परत आण, एवढंच म्हणाली. माणिकनं हो म्हणून मान हलवली. साहेब कोण, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात सरकारी कागद आला. सखुबाईनं तो माणिकच्या हातात दिला. सिंगापुरात फौज शरण गेली होती आणि सटवाजीचा पत्ता लागत नव्हता.

"म्हंजी गेला का?"

"तसं लिव्हलं न्हाई, मावशी."

"मंग हाये?"

"तसंबी लिव्हलं न्हाई."

लढाई संपली. फौजेत गेलेले कनेरगावचे दोघे परत आले. त्यांनी सटवाजीचं नावही ऐकलं नव्हतं. माणिक फौजेच्या कचेरीला पत्रं लिहीत राहिला. चौकशी चालू आहे, एवढं एकच उत्तर दोनदा आलं. मग निजामाचं राज्य गेलं, कचेऱ्या बदलल्या आणि असलं पत्र आता कुठं धाडायचं, ते वसमतच्या पोस्टातही कुणाला सांगता येईना.

सखुबाई मात्र दर बाजारच्या दिवशी माणिककडं यायची, ओट्यावर बसायची. "लिव्ह, माय वाट पाहून राहिली," म्हणायची. माणिक लिहायचा, तिला वाचून दाखवायचा आणि लखोट्यावर जुन्याच कचेरीचा पत्ता घालायचा.