आपोआप पडणारा बर्फ

"शुक्रवारी दुपारपर्यंत कळवा," चुई म्हणाला. "सहलीच्या यादीतून नावं काढायची असतील तर. त्यानंतर माझ्या हातात काही राहत नाही."

योक लिनने मान हलवली. शेजारच्या खुर्चीत तिचा नवरा काम वेंग भिंतीवरच्या मोठ्या चित्राकडे बघत बसला होता. चित्रात पांढरेशुभ्र डोंगर होते आणि खाली होक्काइदो, जपान असं लिहिलेलं होतं. मलेशियातल्या इपोह शहरातल्या त्या चिंचोळ्या प्रवास कचेरीत पंखा गरगर फिरत होता, तरी चुईचा मास्क घामाने ओला झाला होता.

"तिकडं शाळा बंद केल्यात म्हणे," योक लिन म्हणाली.

"केल्यात. खोटं कशाला सांगू? पण बाकीचे सगळे येतायत, मिसेस लाऊ. एकानंही नाव काढलेलं नाही."

"तिकडं काय झालंय?" काम वेंगने विचारलं.

"आजार आलाय. मघाशी सांगितलं ना तुला."

"असं होय. मग आपण कधी निघायचं?"

चुईने उगाचच टेबलावरचं पेन उचलून दुसरीकडे ठेवलं.

काम वेंगचा सगळा जन्म बर्फाच्या कारखान्यात गेला होता. अमोनियाच्या वासात उभं राहून आकड्याने लाद्या ओढायच्या, भुसा लावून गाडीत चढवायच्या, उजाडायच्या आत मासळीबाजारात पोचवायच्या. त्याच्या बोटांची पेरं कायमची सुजून बसली होती. दुपारी घरी आला की तो चुलीशेजारी हात शेकत बसे आणि म्हणे, "माणसांनी केलेला बर्फ पुष्कळ ओढला. आपोआप पडतो तो एकदा बघायचाय." योक लिन शाळेचे गणवेश शिवता शिवता हं म्हणायची. आधी मुलीचं शिक्षण झालं, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग छप्पर बदलावं लागलं. बर्फ काय, पुढच्या वर्षीही पडणारच होता.

मग एक दिवस काम वेंग भाजी आणायला गेला तो परतलाच नाही. संध्याकाळी तो सापडला बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकाशी. आत सोडत का नाहीत म्हणून रखवालदाराशी वाद घालत होता. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या आणि योक लिनला बाजूला घेऊन सांगितलं, "कुठं न्यायचं असेल तर लवकर न्या. उशीर केलात तर कुठं आलोय हेच त्यांना कळणार नाही."

म्हणून तिने चुईकडे नावं नोंदवली. जाड कापड आणून, आत कापूस भरून त्याच्यासाठी कोट शिवला. असला कोट तिने आयुष्यात शिवला नव्हता. बाह्या तीनदा उसवाव्या लागल्या. भर उकाड्यात तो घालून काम वेंग घरभर फिरला, घामाने निथळला, तरी काढायला तयार होईना.

गुरुवारी पुई सान क्वालालंपूरहून आली. आल्या आल्या तिने आईच्या हातातली कढई काढून घेतली आणि गॅस बंद केला.

"मा, हे खूळ आता पुरे."

"खूळ कसलं? तिकडं माणसं जातायत, येतायत."

"त्यांच्याबरोबर बाबा नाहीत. बाबा मास्क धड ठेवतील तोंडावर? इथं ठेवत नाहीत ते."

"मी बघेन."

"पुढच्या वर्षी जाऊ. मी रजा काढते, मीही येते."

"पुढच्या वर्षी त्याला बर्फ कळेल का?"

पुई सान तिखट आवाजात म्हणाली, "खरं सांग. बाबांना जायचंय, की तुला?"

योक लिनला बर्फाचं काही अप्रूप नव्हतं. पण बर्फ बघताना त्याचा चेहरा कसा होईल, हे मात्र तिला बघायचं होतं. तेव्हा मुलीचं सगळंच काही चूक नव्हतं.

"मा, ऐक," पुई सानचा आवाज आता खाली आला. "त्यांना तिथं ताप आला तर वेगळ्या खोलीत ठेवतील. तुला आत सोडणार नाहीत. भाषा कळणार नाही, तोंडं झाकलेली माणसं येणार आणि जाणार. बाबा तुला हाका मारत बसतील. तू काचेच्या पलीकडं उभी. चालेल तुला?"

योक लिनने गॅस पुन्हा पेटवला.

शुक्रवारी सकाळी काम वेंग बरा होता. असे दिवस आता कमी झाले होते. उठल्यावर त्याने स्वतः कॉफी केली, तिला एक पेला दिला, आणि समोर येऊन बसला.

"काय झालंय, आ-लिन? दोन दिवस तोंड उतरलंय तुझं."

तिने सगळं सांगितलं. आजार, शाळा, मुलीचं म्हणणं, काचेची खोलीसुद्धा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला. "मला हल्ली ठरवता येत नाही. कळतंय मला ते."

"असं नको बोलू."

"एक कर मात्र. जायचं नाही असं ठरलं, तर मला सांगू नकोस. मी विचारलं, तर उद्या निघायचंय म्हण. बाकी माझ्या लक्षात राहणारच नाही."

दुपार व्हायच्या आत तिने चुईला फोन केला.

बाकीची मंडळी गेली आणि ठरल्या दिवशी परतली. कुणाला साधा खोकलाही झाला नाही. त्यांच्यातल्या मिसेस हूने बिस्किटांचा डबा आणून दिला आणि फोटो दाखवले. गुडघाभर बर्फात मिस्टर हू लहान पोरासारखे फतकल मारून बसले होते. "याल हो पुढच्या खेपेला," मिसेस हू म्हणाली. त्यानंतर काही दिवसांतच मलेशियात सगळं बंद झालं. विमानं, दुकानं, देवळं, चुईची कचेरी. चुईचं दार पुन्हा उघडलं नाही.

आणि रोज सकाळी काम वेंग कोट चढवून पुढच्या खोलीत येऊन उभा राहायचा.

"कधी निघायचं?"

"उद्या."

"सगळं भरलंस?"

"भरलंय."

चुईला तिने एकदाच नाही म्हटलं होतं. घरी मात्र रोज सकाळी ती सहल नव्याने मोडायची आणि वर हसायची. पहिले काही आठवडे तो घामाघूम होऊन कोट उतरवी, तेव्हा ती मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहायची. मग सवय झाली. मग उलटंच झालं, ती त्या प्रश्नाची वाट बघू लागली. उठल्या उठल्या काहीतरी जुळवून ठेवायची: तिथं गरम शेवया खाऊ, खिडकीतल्या दोन जागा मिळाल्यात, दोघांना एकच छत्री पुरेल. काम वेंग खुलून ऐकायचा. रस्ते ओस पडलेल्या त्या दिवसांत साऱ्या गल्लीत फक्त त्या एका घरात कुणीतरी परदेशी निघालेलं होतं.

पावसाळा येऊन गेला. निर्बंध सैल झाले, पुन्हा आवळले. पुई सान व्हिडिओवर दिसायची. काम वेंग तिला नमस्कार करून बाजूला व्हायचा. हळूहळू त्याला बटणं लावता येईनाशी झाली. मग एक दिवस तो पुढच्या खोलीत आला तो नुसता गंजीफ्रॉकवर, आणि खिडकीशी बसला. त्याने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

योक लिनने आठवडाभर वाट बघितली. रोज काहीतरी जुळवून ठेवलेलं असायचं, ते तसंच राहून जायचं. शेवटी एका सकाळी त्याला पेज भरवताना तिनेच विषय काढला.

"वेंग, उद्या निघायचंय आपल्याला. बर्फ बघायला."

त्याने तिच्याकडे बघितलं. मालकाच्या घरची बाई कारखान्यात आली की तो असाच अदबीने, जरा अवघडून बघायचा.

"तुम्ही जाऊन या, वहिनी," तो म्हणाला. "मला नाही जमायचं. बायको बाहेर गेलीय माझी. तिला विचारल्याशिवाय मी कुठं जात नाही."

तिचा चमचा हवेतच राहिला.

"बरं," ती म्हणाली. "आल्या की विचारा त्यांना."

"विचारतो ना. येईलच ती इतक्यात."

त्याची नजर दाराकडे गेली. योक लिनने त्याची हनुवटी पुसली, निवत चाललेली पेज ढवळली, आणि तो पुन्हा इकडे तोंड वळवेल म्हणून थांबून राहिली.