स्टेडियम कोपरीचं, चावी कुणाकडे?

कोपरीत स्टेशनबाहेर, रिक्षांच्या रांगेवर एक भलामोठा फ्लेक्स लागला. ‘कोपरीच्या कबड्डी स्टेडियमचे भावी संचालक, आमचे लाडके यज्ञेशदादा यांचे हार्दिक अभिनंदन!’ खाली हात जोडलेल्या नगरसेविका मेघालीताई. गंमत म्हणजे स्टेडियमची अजून एक वीटही लागली नव्हती. पालिकेच्या सभेत प्रस्ताव यायचाच बाकी होता. पण तुरी बाजारात असतानाच आपल्याकडे फ्लेक्सवाल्याला ऑर्डर जाते, हे तुम्हाआम्हाला काय नवीन आहे?

यज्ञेश हा मेघालीचा नवरा, खाडीकाठच्या कबड्डी मंडळाचा अध्यक्ष. पावसाळ्यात मैदानाचा चिखल झाला की पोरींचा सराव बंद पडायचा. डोक्यावर छप्पर असलेलं स्टेडियम हे त्या दोघांचं लग्नाआधीपासूनचं स्वप्न. मेघाली निवडून आली आणि तिने प्रस्ताव तयार करून घेतला. जागा पालिकेची, खर्च पालिकेचा आणि चालवायला यज्ञेशचं मंडळ. यात काही खटकण्यासारखं आहे असं तिला मनापासून वाटलंच नाही.

ते खटकलं संदेशला. तो कोपरीतल्याच दुसऱ्या मंडळाचा प्रशिक्षक. फ्लेक्स वाचला आणि सरळ तिच्या ऑफिसात आला.

“ताई, सभा गुरुवारी आहे ना? मग निकाल आजच कसा लागला?”

“अरे, पोरांनी उत्साहात लावलाय. उतरवायला सांगते.”

“फ्लेक्स उतरेल हो. पण ठराव तुम्हीच मांडणार, हात तुम्हीच वर करणार आणि चावी तुमच्याच घरी जाणार. आमच्या पोरींना सरावाची वेळ हवी असेल तर काय तुमच्या किचनमध्ये येऊन मागायची?”

मेघालीला राग आला. “यज्ञेश फुकट शिकवतो पोरींना, माहितीये ना तुला? त्याच्याइतकं चांगलं कोण चालवणार?”

“चालवतीलही चांगलं. म्हणून दुसऱ्या कुणाला विचारायचंच नाही का? लोक चिडलेत, ताई. सभेत गोंधळ झाला आणि स्टेडियमच अडकलं तर मलाही वाईट वाटेल.”

तो गेला, पण मेघालीचं कशात लक्ष लागेना. त्याचं बोलणं टोचलं होतं.

रविवारी घरी चिंबोऱ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, रस्सा होता. या कोळ्याच्या घरात चिंबोऱ्या वाढायची रीत होडीवरची. एकाने वाटे लावायचे. दुसऱ्याने पाठ करून बसायचं आणि “हा कुणाचा?” असं विचारलं की न बघता नाव घ्यायचं. त्यामुळे लहानमोठं कुणी कुरकुरत नसे. मेघालीची लेक दिशा सवयीने पाठ करून बसली, पण सासूबाई विमलाबाईंनी तिला हाताने थांबवलं.

“ऱ्हाव दे. आज मीच वाढते.”

आणि सगळ्या जाडजूड नांग्या त्यांनी यज्ञेशच्या ताटात घातल्या. दिशाने तोंड वाकडं केलं.

“आई, हे काय?” मेघाली म्हणाली. “सगळ्या त्यालाच?”

“का गो, माझा पोर चांगला नाय? नांगी फोडून खायला त्याच्यासारखी कुनाला येते?”

“चांगला आहे, पण म्हणून काय वाटे लावणाऱ्यानेच...” मेघाली बोलता बोलता थांबली.

“बोल ना,” विमलाबाई हसत म्हणाल्या. “वाटे मी लावले, नाव मीच घेतलं आनि दिलं माझ्याच पोराला. असंल, बरोबर पन दिलं असंल. पन दिशाला पटलं काय? मानूस चांगला का वाईट, हा सवालच नाय गो. होडीवर कोन चोर नसतात, तरी पाठ करून बसतात. उद्या परत एकाच होडीत बसायचं असतं ना सगल्यांना.”

यज्ञेशच्या हातातली नांगी तशीच राहिली. “म्हणजे हिचा नवरा असणं हा माझा गुन्हा?”

“गुन्हा नाही रे,” मेघाली हळूच म्हणाली. “पण तुला चावी मी द्यायची, हे चुकीचंच आहे. इतके दिवस मला ते दिसलं कसं नाही!”

यज्ञेशने नांग्या परत पातेल्यात टाकल्या. वाटे नव्याने लागले, दिशाने पाठ केली, आणि सगळ्यात मोठी नांगी नेमकी आजीलाच मिळाली. मग मात्र सगळेच हसले.

गुरुवारी सभेत मेघाली उभी राहिली. “प्रस्तावात ज्या मंडळाचं नाव आहे, त्याचा अध्यक्ष माझा नवरा आहे. ते नाव काढून टाकावं, एवढीच विनंती. या विषयावर मी मत देणार नाही.” एवढं बोलून ती बाहेर बाकावर जाऊन बसली. आपलंच स्वप्न आणि आपणच दाराबाहेर! मन अगदी भरून आलं तिचं.

तेवढ्यात आतून बाकं वाजल्याचा आवाज आला. सभा बघायला आलेला संदेश धावतच बाहेर पडला. “ताई, मंजूर! सगळ्यांनी हात वर केले. चालवायला कुणीही अर्ज करायचा, निवड बाहेरचे जाणकार करणार.”

पुढे रीतसर निवड झाली आणि काम मिळालं संदेशच्या मंडळाला. यज्ञेश काही दिवस गाल फुगवून होता, पण सरावाला मात्र पोरींच्याही आधी हजर व्हायचा.

स्टेडियम उभं राहिलं. पहिल्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात संदेशच्या आणि यज्ञेशच्या पोरी समोरासमोर आल्या. अख्खी कोपरी लोटली होती. शेवटच्या चढाईला यज्ञेशच्या संघातून दिशा गेली, दोघींना बाद करून मधल्या रेषेला हात लावत तिने सामना जिंकला, आणि विमलाबाईंनी अशी शिट्टी मारली की पंचसुद्धा दचकले. दिशाला खांद्यावर उचलणारा पहिला माणूस संदेश होता.

यज्ञेश डोळे पुसत मेघालीला म्हणाला, “स्टेडियम आपल्या ताब्यात असतं ना, तर आज लोक म्हणाले असते, पंच घरचे आणि निकालही घरचाच. पोरी जिंकूनही हरल्या असत्या गं.”

मित्रहो, आपल्या माणसाचं भलं व्हावं असं वाटणं यात पाप नाही. पण लोकांनी दिलेल्या खुर्चीत बसून आपल्याच घराचा निवाडा आपण करू नये. नातं आधी सांगावं आणि त्या वेळेपुरतं उठून बाहेर यावं. मग आपली लेक जिंकली की समोरच्यालाही मोकळेपणाने टाळ्या वाजवता येतात.