मधली शिवण

बतूलने तीन महिने सुई खाली ठेवली नव्हती, आणि शनिवारी दुपारी गच्चीवर पोशाख पहिल्यांदा उन्हात आला तेव्हा निहादला वाटलं, काम संपलं.

निळ्याशार मखमलीचा काफ्तान. पोटाच्या जागी भरतकामाच्या चौकटीत बसवलेलं परातीएवढं वर्तुळ. वर्तुळात सोनेरी धाग्याने एकात एक गुंतलेली कडी भरलेली. त्यांच्यावर ताठ कापडाची, मध्ये खिळीवर फिरणारी जाळी. जाळीवर एकवीस गुंड्या, सगळ्या हाताने गुंफलेल्या. प्रत्येक गुंडी म्हणजे एक तारा. बाविसावी जरा मोठी, ती सूर्य. सूर्य-ताऱ्यांवरून वेळ सांगणारं जुनं पितळी यंत्र असतं, अस्तुरलाब. या बहिणींनी ते अंगावर घालायचं ठरवलं होतं.

असले उद्योग त्यांना नवे नव्हते. मागच्या ईदला दोघींनी मूलद्रव्यांच्या तक्त्याची बिस्किटं केली होती आणि पाहुण्यांना चहासोबत जस्त आणि शिसं वाढलं होतं. त्याआधीच्या वर्षी आईच्या जुन्या जेल्लाब्याला, म्हणजे टोपीवाल्या पायघोळ झग्याला, पाठीवर कापडी काटे लावून डायनोसॉर केला होता, तो अजून थंडीत निहाद घालते. वाटणी ठरलेली असे. निहाद सोळा वर्षांची, गणितात वर्गात पहिली, हिशोब तिचा. बतूल चोवीस वर्षांची, नववीनंतर शाळा सुटलेली, काफ्तान शिवणाऱ्या बाईच्या दुकानात कामाला, हात तिचे.

पण या वेळी बतूलने एक अट घातली होती. रविवारी त्यांच्या मेकनेस शहराच्या युवा केंद्रात घरी केलेल्या वस्तूंचा दिवस होता. एका टेबलावर पोशाख, दुसऱ्यावर यंत्रं.

"माझा काफ्तान यंत्रांच्या टेबलावर राहिला पाहिजे," ती म्हणाली होती.

"का गं लल्ला?" निहादने ताईला विचारलं होतं. "पोशाखांत तर तू डोळे झाकून पहिली येशील."

"आठ वर्षं लोक माझं काम बघून 'छान' म्हणतात आणि पुढे जातात. एकदा कोणीतरी बघून 'बरोबर' म्हणावं. बस."

यंत्रांचं टेबल उस्ताद तुहामींकडे होतं. निवृत्त भूगोल शिक्षक, जिभेला साखर कधी लागली नाही. त्यांनी निहादला सरळ सांगितलं होतं, "वेळ बरोबर सांगितली तर यंत्र. नाहीतर मखमल. मखमलीचं टेबल तिकडे."

म्हणून शनिवारची चाचणी. निहादने लाकडी पट्टी दोरीला टांगली. पट्टीच्या दोन भोकांतून ऊन आरपार तळहातावर पडलं, तेव्हा सूर्याची उंची मोजली: सदुसष्ट अंश. जाळी फिरवून सूर्याची गुंडी सदुसष्टाच्या कड्यावर आणली. काठावरचा काटा थांबला. एक वाजून सत्तावीस मिनिटं.

मोबाइलमध्ये एक सव्वीस.

"एक मिनिट! लल्ला, एका मिनिटाचा फरक!" निहाद गच्चीवर गोल गोल नाचायला लागली. "उस्ताद तुहामींना सांग, जीभ धुवून या म्हणावं!"

बतूल नाचली नाही. ती पोशाखासमोर गुडघ्यांवर बसली होती आणि तोंडात दोन टाचण्या धरून वर्तुळाकडे बघत होती. दुकानात एखाद्या नवरीची बाही ओढलेली दिसली की ती अशीच बसते.

"आत्ता दुपारची, दुहरची बांग झाली ना?" तिने टाचण्या काढून विचारलं.

"आत्ताच की. का?"

"बांग होते म्हणजे सूर्य आभाळाच्या मधोमध आलेला असतो, आणि नुकताच ढळायला लागलेला. बरोबर?"

"बरोबर."

"मग सूर्याची गुंडी माझ्या मधल्या शिवणीवर पाहिजे. ती अडीच बोटं बाजूला का?"

निहादने हसून हात झटकला. घड्याळाशी जुळलंय, आणखी काय हवं, असं काहीतरी ती बोलायला गेली. आणि तोंड उघडंच राहिलं.

मेकनेसमध्ये सूर्य डोक्यावर येतो तेव्हा मोबाइलमध्ये एक वाजून वीसच्या पुढे गेलेलं असतं. घड्याळ सरकारचं, सूर्य आपापला. अस्तुरलाबाला सरकार माहीत नसतं. त्याने या क्षणी बारा दाखवायला हवे होते. पोशाख जवळजवळ दीड तास चुकत होता. घड्याळाशी जुळला तो केवळ योगायोगाने, आणि त्या योगायोगावर निहाद नाचत होती. गणितात पहिली आलेली निहाद.

तीन महिन्यांपूर्वी तिने संग्रहालयातल्या एका अस्तुरलाबाचा फोटो मिळवला होता, मोठा करून छापला होता, आणि कडी त्यावरूनच उतरवून दिली होती. आता तोच कागद तिने पसरला. तबकडीच्या तळाशी बारीक कोनदार लिपीत काहीतरी कोरलेलं होतं. ते तिने नक्षी समजून सोडून दिलं होतं. कापडावर मात्र तेही जसंच्या तसं सोनेरी धाग्यात उतरलेलं होतं.

"हे काय लिहिलंय?"

"मक्का," बतूल म्हणाली. "मक्केसाठी, असं. मीच तर भरलं, अक्षरन् अक्षर."

"तू वाचलंस? आणि बोलली नाहीस?"

"मला वाटलं, तू मुद्दाम मक्का घेतलीस. बरकतीसाठी."

निहादला हसावं की रडावं ते कळेना. प्रत्येक शहराचं आकाश वेगळं कलतं, म्हणून जुने कारागीर एका यंत्राबरोबर चार-पाच तबकड्या देत: फेसची, मराकेशची, आणि मक्केची हटकून. तिने नेमकी तीच उचलली होती. त्यांच्या गच्चीवर मखमलीत गुंडाळलेलं आकाश वाळवंटापलीकडच्या एका शहराचं होतं.

"झालं," ती म्हणाली. "तीन महिन्यांचं भरतकाम उद्या सकाळपर्यंत कसं उसवणार आणि कसं भरणार? पोशाखांच्या टेबलावर ठेवू. छान म्हणतील."

बतूलने चौकटीच्या मागे बोटं घातली, चार हुक काढले, आणि भरलेली तबकडी अलगद हातात आली.

"ही निघते?"

"मखमलीला डाग पडला की धुवायला लागते. जरीचा धागा धुतला तर काळा पडतो. म्हणून मी निघेल अशीच शिवली." तिने रिकाम्या चौकटीतून हात आरपार नेला. "तू मला मेकनेसची कडी काढून दे. संध्याकाळच्या आत मी तबकडी करते."

"कशाची?"

"कशाची म्हणजे? कणकेची."

निहादला वाटलं, थट्टा आहे. पण बतूल खाली स्वयंपाकघरात पोहोचली होती. काब-अल-गझालच्या, म्हणजे ईदच्या बदामी चंद्रकोरींच्या पारीची कणीक तिने मळायला घेतली: मैदा, लोणी, संत्र्याच्या फुलांचं पाणी. त्या पारीला भाजण्याआधी सुईने भोकं पाडतात, नाहीतर फुगते. बतूलचा बेत एवढाच होता की भोकं वाटेल तशी पाडायची नाहीत, कड्यांवर पाडायची.

निहादने मेकनेसचा अक्षांश, चौतीस अंश, धरून हिशोब पुन्हा मांडला. तास गेला. कागद घेऊन ती आली तेव्हा बतूलने कड्यांकडे पाहिलंच नाही.

"हे सगळं थोडं मोठं काढ. भाजल्यावर ही आकसते."

"किती?"

"वीतभराला करंगळीच्या नखाएवढी."

निहादने पट्टी घेतली, ताईची वीत मोजली, नख मोजलं, भागाकार केला. जवळजवळ चार टक्के. "पण सगळीकडे सारखी आकसेल कशावरून? लाटलं त्या दिशेने जास्त ओढली जाणार."

"म्हणून तर," बतूल म्हणाली. निहादने तेव्हा पाहिलं: प्रत्येक लाटण्यानंतर ती कणीक पाव वळण फिरवत होती. एक लाटणं, पाव वळण. निहादने हे हात जन्मापासून पाहिले होते. ते काहीतरी मोजत असतील असं तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

खडूने रंगवलेल्या दोऱ्याने बतूलने कडी आखली आणि सुई घेतली. वर्तुळ, त्यात सरकत गेलेलं दुसरं वर्तुळ, आणि मधून एक सरळ रेघ. टोचे इतके सारखे पडत होते की आई दारात येऊन बघत उभी राहिली. एक तबकडी झाली. "मोडली तर?" म्हणत बतूलने दुसरीही केली.

अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाच्या सुमारास दोघी दोन पराती डोक्यावर घेऊन गल्लीच्या भट्टीवर गेल्या. तिथला बा अल्लाल तीस वर्षं साऱ्या गल्लीचे पाव भाजतो आणि कुठला पाव कुठल्या घरचा हे नुसत्या रूपावरून ओळखतो. त्याने परातीवर वाकून पाहिलं.

"हे तुमच्या घरचं नाही."

"आमचंच आहे, बा अल्लाल."

"तुमच्या आईचे पाव मला झोपेत कळतात. हे काय आहे?"

"मेकनेसचं आकाश," निहाद म्हणाली.

"हं. आग मंद लागेल त्याला." तो वळला.

"बा अल्लाल," बतूल अदबीने म्हणाली, "आगीच्या बाजूला जास्त आकसेल. जरा फिरवत—"

"पोरी, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी फिरवतोय. मला शिकवतेस?"

पाव निघून भट्टी निवल्यावर त्याने लांब फावड्याने दोन्ही पराती आत सरकवल्या आणि दर थोड्या वेळाने पाव वळण दिलं. निहाद ते बघत राहिली. तेच वळण. याला ते कोणी शिकवलं होतं?

थंड होताना एक तबकडी चिरली. ती आईने चहाबरोबर संपवली आणि म्हणाली, "मेकनेसला मीठ थोडं कमी पडलं." दुसरी अखंड राहिली. बतूलने टोच्यांमध्ये दालचिनीची पूड बोटाने भरली, वरची पुसून काढली, आणि कडी तपकिरी, स्पष्ट उमटली. निहादने पट्टी लावली. सर्वांत बाहेरचं वर्तुळ तिच्या कागदावरच्या मूळ मापाला केसभरही चुकलं नव्हतं. तिने पुन्हा मोजलं. मग पट्टी खाली ठेवली.

रविवारी युवा केंद्राच्या अंगणात उस्ताद तुहामींनी पोशाखाभोवती एक फेरी मारली. वाकले, हुंगलं.

"यात दालचिनी आहे."

"हो, उस्ताद."

"यंत्रात दालचिनी." त्यांनी चष्मा वर केला. "बरं. सगळ्यांचे मोबाइल इकडे या टोपलीत. वाच."

पोशाख निहादने घातला होता, आणि आता एक अडचण तिच्या लक्षात आली: अंगावरचं वर्तुळ तिला उलटं दिसत होतं. आरसा घरी राहिला होता. तिने मान वर केली.

"उस्ताद, मी नाही वाचणार. बतूल वाचेल. तिनेच केलंय."

बतूलचा चेहरा पडला. "मी? निहाद, मला ते अंश—"

"लल्ला, गुंडी कड्यावर आण. बाकी तुला येतं."

बतूलने पट्टी टांगली, ऊन तळहातावर घेतलं, आकडा वाचला: चौसष्ट. मग बहिणीसमोर गुडघ्यांवर बसली, जशी ती रोज कोणा ना कोणा नवरीसमोर बसते. जाळी फिरवली. सूर्याची गुंडी कड्यावर आली. ती मधल्या शिवणीपासूनचं अंतर बघत राहिली. अंगणात चाळीस-एक माणसं जमली होती.

"दुहरला एक तास आहे," ती म्हणाली. "दोन-चार मिनिटं कमी."

"तो तास आपण थांबू," उस्ताद म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.

थांबले. कोणी चहा आणला. निहादला बसता येत नव्हतं, पोटावर आकाश होतं. ऊन सरकत होतं आणि बतूल दर थोड्या वेळाने सूर्य मोजून गुंडी एकेक रेघ पुढे आणत होती. ती गुंडी तिनेच एका संध्याकाळी दिव्याखाली गुंफली होती, आणि आता ती खरोखरच्या सूर्याबरोबर चालत होती. आकड्यांत निहादला हे सगळं ठाऊक होतं. पण आपल्या ताईच्या बोटाखाली सूर्य मधल्या शिवणीकडे येताना तिने पहिल्यांदाच पाहिला.

गुंडी शिवणीवर आली. बतूलने हात काढून घेतला.

आणि कोपऱ्यावरच्या मशिदीतून बांग सुरू झाली.

बांग संपली. उस्ताद तुहामी उठले, वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले. मखमलीकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यांची नजर टोच्यांवर होती, एका कड्यावरून दुसऱ्यावर, सरळ रेघेवरून खाली.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

बतूल अजून गुडघ्यांवरच होती. तिने मान खाली घातली आणि उगाचच काफ्तानाचा घेर नीट करू लागली.

उस्तादांनी यंत्रांच्या टेबलावरचं कोरं कार्ड पुढे केलं. "जुने कारागीर नाव घालत. कोणी केलं आणि कुठल्या शहरासाठी. लिही."

निहादने लेखणी बहिणीच्या हातात दिली. बतूलने आधी शहर लिहिलं: मेकनेससाठी. मग खाली स्वतःचं नाव.